काकूबाईचे बेचाळीस ग्रॅम

तीर्थरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. (यातला ‘साष्टांग’ हा शब्द तूर्त सवलतीने वाचावा. आठांपैकी दोन अंगे, म्हणजे डावा हात आणि उजवा पाय, तुझ्या मांजरीच्या, काकूबाईच्या, सेवेत जायबंदी झाल्यामुळे शास्त्रशुद्ध नमस्कार घालणे मला शक्य नाही.) तुझे पत्र मंगळवारी पोचले. नव्या गुडघ्याविषयी तू ‘आता बरंच ठीक आहे’ एवढेच लिहितेस. ताई, ‘बरंच’ हे माप नाही आणि ‘ठीक’ हे निरीक्षण नाही. गुडघा किती अंशांत वाकतो, तुझे दोन जिने चढायला किती मिनिटे लागतात आणि मध्ये कठडा धरून किती वेळा थांबावे लागते, हे आकड्यांत कळव. इकडे आम्ही उभयता सुखरूप आहोत. निदान माझ्यापुरते बोलायचे तर शरीराने आहे, मनाचा वृत्तान्त पुढे येतोच आहे.

पत्राच्या अखेरीस तू लिहिले आहेस की रविवारी टोपली घेऊन येतेस आणि काकूबाईला घरी घेऊन जातेस. अवश्य ये. तिच्या इथल्या नऊ आठवड्यांच्या मुक्कामात माझ्या घराची, नोंदवहीची आणि प्रतिष्ठेची जी वाताहत झाली ती मात्र त्याआधी तुझ्या कानावर घालणे मला भाग आहे. मागाहून ‘तू बोलला नाहीस’ असे म्हणायला तुला जागा राहू नये.

मुळात दोष तुझ्या सूचनापत्राचा आहे. दवाखान्यात दाखल होण्याच्या आदल्या दिवशी तू काकूबाईला माझ्या स्वाधीन केलेस आणि सोबत एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर चार वाक्ये दिलीस. ओलंच देत जा. कोरडं ती खात नाही. जरा कोमट करून दे. खाताना जवळ बस. चौदा वर्षांच्या सजीवाचे संगोपन चार वाक्यांत आटोपलेले मी आजवर पाहिले नव्हते. किती द्यावे? कोमट म्हणजे किती अंश? जवळ म्हणजे किती अंतरावर, आणि बसून नेमके काय करावे? कोरडे ‘खात नाही’ म्हणजे खाऊ शकत नाही, की खाण्याची इच्छा नाही, की आजवर कोणी तिला शिस्तीने खायला घातलेलेच नाही? मी एकतीस वर्षे वजनमापांच्या प्रयोगशाळेत काढली. असा कागद तिथे कोणी माझ्या टेबलावर ठेवला असता, तर मी तो चिमट्यात धरून परत केला असता. तू थोरली बहीण असल्यामुळे मी तो घडी घालून खिशात ठेवला. तेवढाच माझा अपराध.

त्यानंतर मी विषयाचा रीतसर अभ्यास केला. डब्यातल्या ओल्या खाण्यावर बारीक अक्षरांत त्याचे घटक छापलेले असतात, ते मी भिंगाखाली वाचले. शंभर भागांत ऐंशी भाग पाणी. म्हणजे आपण दुकानातून जे ओझे वाहून आणतो ते बहुतांशी पाण्याचे, आणि पाणी तर घरच्या नळाला येते. कोरडे दाणे मात्र मोजता येतात, उघडे राहिले तरी नासत नाहीत आणि एकसारख्या आकाराचे असल्यामुळे बघायलाही शोभतात. विवेकी माणसाने काय निवडावे हे उघड होते. मी अकस्मात काही केले नाही, हे तू ध्यानात घे. दहा दिवसांचा क्रमवार तक्ता आखला: रोज ओल्याचा दहावा हिस्सा कमी आणि तितक्याच पोषणाचा कोरडा हिस्सा जास्त. अकराव्या दिवसापासून निव्वळ कोरडे, दिवसाला बेचाळीस ग्रॅम. (हा आकडा तिचे वजन, वय आणि आळस यांच्या गणितातून निघाला आहे. गणित मागाहून पुन्हा तपासले. ते बरोबरच आहे.) तक्ता फ्रिजच्या दारावर लावला आणि ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा माझा तराजू ओट्यावर मांडला. तुझ्या भावजयीने तो तक्ता दोनदा वाचला आणि मांजरीला वाचता येतं का, एवढेच विचारले. 

काकूबाईने पहिले दोन दिवस सहकार्य केले, असे मला वाटले. तिसऱ्या दिवशी कळले की ती दाण्यांवरचा रस्सा चाटून दाणे परत ठेवते. परत ठेवते म्हणजे वाडग्यात नव्हे. वाडग्याबाहेर, फरशीवर, एकाशेजारी एक. धुऊनपुसून ठेवावे तसे ते दाणे लखलखत होते. पाचव्या दिवशी सकाळी त्यांतल्याच चार-पाचांवर माझा उजवा पाय पडला आणि मी ओट्यापासून दारापर्यंतचे अंतर न चालता पार केले. सहाव्या दिवशी, तिला बहुधा दाणा उचलायला त्रास होत असावा या सद्भावनेने, मी एक दाणा स्वतः तिच्या तोंडाशी नेला. डाव्या मनगटावरची खूण रविवारी दाखवीन. आठव्या दिवशी मात्र तिने जे केले त्याला मी अजून क्षमा केलेली नाही. वाडगा समोर ठेवताच तिने तो हुंगला, माझ्याकडे पाहिले, आणि मग पंजाने भोवतालची फरशी खरवडू लागली. मांजर आपली घाण मातीने ज्या हालचालीने झाकते, हुबेहूब त्याच हालचालीने. ज्याचे प्रयोगशाळेतले अहवाल जाणत्यांनी वाखाणले आहेत अशा माणसाने रात्रंदिवस खपून आखलेल्या आहारावर हा अभिप्राय. वर फरशीला माती नाही म्हणून तिने फ्रिजच्या दारावरचा तक्ता ओढून काढला आणि तो वाडग्यावर पसरला.

अकराव्या आणि बाराव्या दिवसाची नोंद शून्य आहे. सकाळी बेचाळीस ठेवले, संध्याकाळी बेचाळीस उचलले. ती खिडकीखालच्या सतरंजीवर पडून होती. मी ते तत्त्वासाठीचे उपोषण समजलो, आणि खरे सांगायचे तर माझ्या मनात तिच्याविषयी थोडा आदर उत्पन्न झाला. उपोषण आज ना उद्या सुटते, असे मी तुझ्या भावजयीला म्हणालो. ती काही बोलली नाही. (ती बोलत नाही तेव्हा तिला आपले म्हणणे पटलेले असते, असा माझा अडतीस वर्षांचा समज होता.)

आणि तेराव्या दिवशी वाडगा रिकामा. चौदाव्या दिवशी रिकामा. अशा रीतीने, तेरावा धरून, सलग तीस दिवस रोज बेचाळीस ग्रॅम, एक दाणाही शिल्लक नाही. त्या काळात मी तुला जे चार पानी पत्र आलेखासह पाठवले, त्यातली भाषा तुला आठवत असेल. ‘लाडाने जे साधत नाही ते पद्धतीने साधते’ हे वाक्य मी त्यात अधोरेखितही केले होते. तू ते पत्र दवाखान्यातल्या शेजारच्या खाटेवरच्या बाईंना वाचून दाखवलेस आणि त्या हसता हसता टाक्यांवर हात धरून बसल्या, असे मागाहून कळले. त्याचे मला तेव्हा कौतुक वाटले होते. प्रयोगशाळेतल्या एका जुन्या सहकाऱ्याला मी आलेख दाखवला. त्याने चष्मा वर करून बराच वेळ पाहिले आणि म्हणाला, रेघ फारच सरळ आली आहे. मी त्याचे आभार मानले.

बेचाळिसाव्या दिवशी, वयोमानाप्रमाणे तपासणी व्हावी म्हणून, आम्ही तिला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेले. वाटेत टोपलीतून जो आक्रोश चालला होता त्यावरून लोकांनी आमच्याविषयी काय ग्रह करून घेतला असेल, ते असो. बाई वयाने लहान, हाताने चपळ, जिभेने त्याहून चपळ. त्यांनी वजन घेतले, रक्त घेतले, मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली आणि ती किती लवकर बसते ते पाहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “आजोबा, हिची किडनी थकली आहे, आणि ही मुळात पाणी कमी पिणारी. तुम्ही हिला ओलं खाणं चालू ठेवलंत म्हणून ही आज उभी आहे. नुसत्या कोरड्यावर असती तर मी हिला सलाईन लावून इथंच ठेवून घेतली असती.”

मी प्रथम ‘आजोबा’ या संबोधनाचा निषेध नोंदवला. नंतर, त्यांची माहिती दुरुस्त करणे कर्तव्य असल्यामुळे, हे मांजर गेला महिनाभर काटेकोर बेचाळीस ग्रॅम कोरड्या दाण्यांवर आहे असे सांगून आलेख उलगडून टेबलावर ठेवला. बाईंनी आलेख पाहिला. मग त्यांनी मांजर पाहिले. मग त्यांनी तुझ्या भावजयीकडे पाहिले. तुझी भावजय भिंतीवरचे कुत्र्याच्या दातांचे चित्र विलक्षण एकाग्रतेने पाहत होती. डॉक्टरीणबाईंनी आलेख नीट घडी करून माझ्या हातात परत दिला आणि जे चाललंय तेच चालू ठेवा, असे म्हणाल्या. माझ्याकडे बघून नव्हे.

घरी आल्यावर मी एकच प्रश्न विचारला.  तुझ्या भावजयीने उठून शिलाईयंत्राचा खालचा कप्पा ओढला. आत बिस्किटांचे दोन पत्र्याचे डबे, झाकणापर्यंत दाण्यांनी भरलेले. तीस दिवसांचे. रोज सकाळी मी वीस मिनिटे आंघोळीला जातो तेवढ्या वेळात ती वाडग्यातले दाणे काढून घेई, त्यात कमी-जास्त काही नाही याची माझ्याच तराजूवर खातरजमा करी आणि डब्यात टाकी. (तराजूचे पारडे रोज पुसून ठेवी, हे कबूल करतो.) मग मागच्या गॅलरीत, कपडे धुण्याच्या यंत्राशेजारी, काकूबाईला कोमट ओले खाणे मिळे, आणि समोर स्टुलावर बसून तुझी भावजय ते संपेपर्यंत सोबत करी. दुपारी पुन्हा. संध्याकाळी मी वाडगा तपासायला जाई तेव्हा काकूबाई येऊन माझ्या पायाला अंग घाशी. ती मला कृतज्ञता वाटत असे. ताई, ती कटातली भागीदार होती.

मी ते सर्व दाणे मोजले. तीस गुणिले बेचाळीस म्हणजे बाराशे साठ व्हायला हवेत. बाराशे अठ्ठावन्न पूर्णांक सहा भरले. उरलेल्या एक पूर्णांक चार ग्रॅमचा खुलासा मागितला असता, दोन-तीन दाणे कोचाखाली गेले असतील, असे बेफिकीर उत्तर मिळाले.

आता माझा संताप कशावर आहे ते नीट समजून घे. फसवणुकीवर नाही. एकतीस वर्षे माझे काम एकच होते: दुसऱ्यांनी घेतलेल्या नोंदी तपासणे आणि त्यांतल्या बनावट हुडकून काढणे. त्याची खूण मी प्रत्येक नवागताला पहिल्याच दिवशी सांगत असे. खरी गोष्ट मोजली की आकडा हलतो. आज एक्केचाळीस आठ, उद्या बेचाळीस तीन. जो आकडा हलत नाही तो मोजलेला नसतो, मांडलेला असतो. एका गृहस्थांचे दोन वर्षांचे काम मी एवढ्याच कारणावरून, एक ओळ न वाचता, निव्वळ आकड्यांच्या रांगेकडे बघून परत केले होते. आणि माझ्या स्वतःच्या स्वयंपाकघरात, माझ्या स्वतःच्या तराजूवर, तीस दिवस दशांशाचासुद्धा फरक नाही, आणि मी त्याचा आलेख काढून नातेवाइकांना टपालाने पाठवतो. जगातल्या कोणत्याही मांजराने कधी रोज अचूक बेचाळीस ग्रॅम खाल्लेले नाही. हे मला कळायला हवे होते. आकडे मला हवे तेच सांगत होते म्हणून कळले नाही.

मी हे तुझ्या भावजयीला काहीशा चढ्या आवाजात ऐकवले. निदान रोज वेगवेगळे तरी काढायचे होते, म्हणजे या विद्येची काही बूज राहिली असती, असेही म्हणालो. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, “अहो, आलं होतं माझ्या मनात. पण बेचाळीस कमी झाले की तुमचा चेहरा असा काही खुलायचा, की मला चाळीस काढवेनात.”

मग हातातली घडी खाली ठेवून म्हणाली, “दोन दिवस मी गप्प बसले. तिसऱ्या सकाळी ती पाण्याच्या भांड्यापर्यंतसुद्धा उठली नाही. वन्संना दवाखान्यात काय तोंड दाखवणार होतो आपण? म्हणून तुम्हाला विचारलं नाही.”

यावर माझ्याजवळ उत्तर होते. ते अद्याप सुचायचे आहे.

तेव्हापासून तीन आठवडे झाले. काकूबाईचे खाणे आता मी स्वतः करतो, कारण चूक ज्याची त्यानेच दुरुस्त करावी, आणि तुझ्या भावजयीची पद्धत मला ढिसाळ वाटते. (ती बोट बुडवून ‘झालं कोमट’ म्हणते.) दिवसातून चार वेळा, थोडे थोडे, काट्याने दाबून मऊ केलेले, वर दोन चमचे पाणी. तापमानाचा शोध मला लावावा लागला, कारण तुझ्या सूचनापत्रात तो नव्हता. छत्तीस अंशांवर ती हुंगून निघून जाते. चाळीस अंशांवर ती मागे सरते आणि माझ्याकडे असे बघते की जणू मी तिच्या जिवावर उठलो आहे. अडतीसवर खाते. हा योगायोग असेल म्हणून मी तीन वेगवेगळ्या दिवशी, तिला न कळवता, आकडे उलटसुलट करून पाहिले. तिन्ही वेळा तोच निकाल. ताई, माझ्या सबंध नोकरीत दोन अंश इकडेतिकडे झालेले ओळखणारी माणसे मला दोन भेटली, आणि त्यांपैकी एक मी होतो. या घरात अडतीस वर्षांनी पहिल्यांदाच कोणाला तरी ‘चालेल’ हा शब्द मान्य नाही. तिचा हा काटेकोरपणा मला असह्य झाला आहे, हे तू समजून घेशीलच.

‘जवळ बस’ याचाही छडा लावला. अंतर दोन फूट. तीन फुटांवर बसले तर ती खाणे थांबवून वळून पाहते. वेळ अकरा ते चौदा मिनिटे. या वेळात वाचन करावे म्हणून मी नियतकालिक घेऊन बसलो, तर पान उलटल्याचा आवाज तिला चालत नाही. तेव्हा मी काहीच करत नाही. चार वेळचा मिळून दिवसाचा पाऊण तास, एक उच्चविद्याविभूषित माणूस गॅलरीतल्या स्टुलावर हात मांडीवर ठेवून बसलेला असतो, आणि खाली एक म्हातारी मांजर सावकाश जेवत असते. काल समोरच्या इमारतीतल्या दंतवैद्यांनी तिथून हात केला. मला प्रतिसाद देता आला नाही, कारण हात हलवला की ती थांबते. आता ते मला उर्मट समजत असतील, आणि हा हिशेबही काकूबाईच्याच नावावर.

तेव्हा तू रविवारी येतेस हे सर्व दृष्टींनी योग्यच आहे. घर पूर्ववत होईल, तराजू कपाटात जाईल, मला वाचायला वेळ मिळेल. मोठ्यांना माझे नमस्कार आणि लहानांना आशीर्वाद पोचते कर. काकूबाई यांपैकी कोणत्या वर्गात मोडते याबद्दल घरात एकमत नसल्यामुळे तिच्यासाठी वेगळे काही लिहीत नाही.

तुझ्या चारही सूचनांपुढे हरलेला, परंतु गणित बरोबर असलेला,
तुझा धाकटा भाऊ

ता. क. ते चार पानी पत्र आलेखासह परत पाठव. फाडून टाकू नकोस; फाडलेले कागद लोक जोडतात, असा माझा अनुभव आहे. शेजारच्या खाटेवरच्या बाईंना वाचून दाखवल्यावर त्यांनी त्याची प्रत मागून घेतली असल्यास तीही मिळव.

पुन्हा ता. क. डॉक्टरीणबाईंना परवा सहज विचारले. त्यांच्या मते या वयाच्या, या प्रकृतीच्या मांजराला एका घरातून दुसऱ्या घरात हलवणे बरे नव्हे. जागा बदलली की अशी मांजरे दोन-तीन दिवस खाणे टाकतात, आणि हिला आता दोन दिवस परवडणारे नाहीत. शिवाय दिवसातून चारदा वाडगा ठेवायला जमिनीपर्यंत वाकावे लागते. तुझा गुडघा किती अंशांत वाकतो हे तू मुद्दाम लिहिलेले नाहीस, हे माझ्या नजरेतून सुटलेले नाही. सबब, रविवारी टोपली आणू नये.

आणखी एक. मांजर हलवू नये असे बाई म्हणाल्या. माणूस हलवण्याविषयी त्यांचा काही आक्षेप दिसला नाही. आमची पुढची खोली तळमजल्यावर आहे, तिथे दुपारपर्यंत ऊन असते आणि मध्ये एकही पायरी नाही. वाकण्याचे काम मी करीन. दोन फुटांवर बसण्याचे तुला येते. टोपलीऐवजी कपड्यांची पेटी आणावी, मोठी आणावी.

*वन्सं, ते साखरझोपेतून उठून हे पाकीट बंद करायच्या आधी चार ओळी घुसडते. हे पत्र त्यांनी पाच वेळा लिहिलं. पहिल्या खर्ड्यात नुसता शेवटचा ताजा कलमच होता. तो पाठवायला लाज वाटली, म्हणून बाकीचं वर जोडलंय. तुम्ही या.*